धूमकेतूचं शेपूट आणि लालासाबचा चर

२६ जानेवारी १९१०, बुधवार. संध्याकाळ

आज मावळतीला शेपटाचा तारा स्वतः पाहिला. हॅलेचाच. वर्तमानपत्रवाले म्हणतात तो एप्रिल-मेमध्ये येणार. म्हणजे एकतर तो लवकर आला, नाहीतर यांचं गणित चुकलं. कोल्हापूर दरबारच्या मोजणी खात्यात माझी उमर गेली. चुकलेलं गणित मला लांबून ओळखू येतं.

संकल्प : आजपासून पृथ्वी, सूर्य आणि आकाश या तिन्हींवर रोज नजर ठेवायची आणि जे दिसेल ते इथे टिपायचं. सायंटिफिक पद्धतीने. पेन्शन झाल्यापासून वेळ आहे. कुणाला दाखवायचं नाही.

शेजारचा लालासाब नालबंद अंगणात उभा राहून तोच तारा बघत होता. विचारलं, काय वाटतं. म्हणाला, "झ्याक हाय की." एवढंच. हा माणूस रोज दरबारच्या पागेत घोड्यांना नाल मारायला जातो. साहेब लोक घोड्यावर चढता-उतरता काय काय बोलत असतील, ते याच्या कानावर पडत असणार. त्याला तारा नुसता झ्याक वाटला असेल, हे पटत नाही.

२९ जानेवारी

पुण्याच्या पत्रात छापलंय, हा हॅलेचा नव्हे, दुसराच, अचानक आलेला. स्वतःची चूक झाकायला नवा धूमकेतू काढला. ठीक आहे.

१० फेब्रुवारी

भूकंपाचं यंत्र तयार केलं. मोजणीचा जुना ओळंबा माजघराच्या तुळईला टांगला, खाली फरशीवर खडूने खूण. जमीन हलली की ओळंबा खुणेवरून सरकणार. इटलीत आणि जपानात यासाठी मोठमोठी यंत्रं आहेत म्हणे. माझं त्यांच्याहून साधं, म्हणून जास्त खात्रीचं.

सौ. धोंडुबाईने डोकं आपटून घेतलं ओळंब्यावर. म्हणाली, "ह्ये हितंच टांगायचं हुतं व्हय?" विज्ञानाला जागा लागते, असं समजावलं. ती ऐकत नव्हती.

३ मार्च

पहाटे उठायचा संकल्प. उद्यापासून.

४ मार्च

थंडी होती. सोमवारपासून.

१५ मार्च

काचेवर काजळी धरून सूर्य पाहिला. डाग. एक मोठा, बाजूला दोन लहान. सूर्यावर असे डाग वाढले की पृथ्वीवर तारायंत्रं बंद पडतात, हे गेल्या सप्टेंबरात सगळ्या जगाने पाहिलंय. आकृती काढून ठेवली.

१६ मार्च

डाग तिथेच. तसूभरही हलले नाहीत. विलक्षण स्थिरता.

१७ मार्च

डाग एका रात्रीत नाहीसे.

दुपारी कळलं, लालासाबच्या मुलीने, जरीनाने काल काच पुसली. बोटांचे ठसे उठले होते, म्हणाली, म्हणून पुसून परत काजळी धरून ठेवली. पोर कामसू आहे. आम्हाला मूलबाळ नाही. ही रांगायला लागली तशी आमच्या उंबऱ्यावरून आत आली, ती अजून दिवसातून चारदा येतेच. अक्षर ओळख माझ्याच हाताखाली झाली. "काका, कुटं हाय तुमचा डाग?" म्हणून विचारत होती.

तिने काच पुसणं आणि डाग जाणं एकाच वेळी व्हावं, हा योगायोग मात्र नोंद घेण्यासारखा.

३१ मार्च

इटलीतला एटना नावाचा डोंगर फुटून आग वाहतेय, पत्रात आहे. मी लगेच पन्हाळ्याच्या बाजूला पाहिलं. काही नाही. पण पन्हाळ्याचा आणि जोतिबाचा दगड काळा आहे, आणि आगीच्या डोंगराचा दगडही काळाच असतो असं वाचलंय. सगळे गप्प आहेत.

६ एप्रिल

लालासाबकडे परका माणूस. पेठ वडगावहून आला म्हणे, नाव महंमद. भारी फेटा. परसात फिरून पावलं टाकत होता, इकडून तिकडे, परत तिकडून इकडे. मी कुंपणाशी जाऊन विचारलं, काय मोजताय. दचकला. म्हणाला, "किती मानसं बसत्याल त्ये बगतोय, पावणं." मी सांगितलं, जागा मोजायची तर साखळीने मोजावी, पावलांनी फरक पडतो. तो हसला. एवढी माणसं परसात कशासाठी बसवायची, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही लगेच विचारलं नाही. पाळतीवर राहणं बरं.

९ एप्रिल

लालासाब स्वतः येऊन सांगून गेला. जरीनाचं लग्न ठरलं, त्याच महंमदच्या मुलाशी. तारीख एकोणीस मे, गुरुवार.

पत्र काढून पाहिलं. पृथ्वी धूमकेतूच्या शेपटातून जाणार तो दिवस एकोणीस मे. फ्रान्समधला कुणी शास्त्रज्ञ म्हणतो, शेपटात विषारी वायू आहे. लालासाबला विचारलं, हीच तारीख का. म्हणाला, "पावण्यांनी सांगितली. बेस्तरवार हाय, चांगला वार हाय."

लग्न हे त्याचं सांगायचं कारण. मी मान डोलावली आणि खोलात गेलो नाही.

सौ.ला हे चार दिवस आधीपासून माहीत होतं. मला का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही ओळंब्याकडे बघत बसला होता.

२० एप्रिल

पहाटे उठलो. खरोखर उठलो. पूर्वेला धूमकेतू पाहिला, अत्यंत तेजस्वी. शेपूट आखूड, किंबहुना नव्हतंच. सौ.ला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "ही शुक्राची चांदणी." आणि परत आडवी झाली.

पुढच्या वेळी तिला उठवायचं नाही.

२७ एप्रिल

भूकंप. दुपारी जेवणानंतर ओळंबा थरथरला, खुणेवरून दोन्ही बाजूंना. जमिनीतून धबधब आवाज. घड्याळ बघून नोंद केली.

२८ एप्रिल

पुन्हा भूकंप. त्याच सुमाराला.

२९ एप्रिल

पुन्हा. आज परसात जाऊन पाहिलं. सौ., कुलसुम आणि पेठेतली बायडाबाई तिघी मिळून लालासाबच्या उखळात मिरची कांडताहेत. लग्नाची चटणी आणि आमची वर्षाची चटणी एकदमच. सौ. म्हणाली, "मुसळ पडलं की हलनारच की तुमचं यंत्र."

वरवर पाहता बरोबर वाटतं. पण कांडपाची वेळ आणि भूकंपाची वेळ तंतोतंत एकच कशी? कांडपाने जमीन हलते, का जमीन हलताना कुणाला कळू नये म्हणून कांडप त्याच वेळी ठेवलंय? लालासाबची बायको कुलसुम हसतमुख आहे, पण ती नेहमीच हसतमुख असते, हेच खटकतं.

संध्याकाळपर्यंत शिंका. डोळे चुरचुरतात. घसा धरला. शेपटातला वायू पुढे येऊन पोचला असावा. पत्रात याबद्दल एक अक्षर नाही.

४ मे

लालासाबच्या परसात तांदळाची पोती उतरली. गाडी रिकामी होईपर्यंत खिडकीत उभा होतो. शिवाय तांब्याच्या मोठ्या डेगा आणल्यात, माणूस आत बसेल एवढ्या. शिवाय कापडाचे तागे, एकमेकांना शिवून लांबरुंद आच्छादन करताहेत. मांडव म्हणतो तो.

आमच्या घरातली पितळी भांडीही तिकडे जाताहेत. सौ. स्वतः नेऊन देते.

८ मे

एडवर्ड बादशहा निवर्तले. आजारी होते, असं लिहिलंय. धूमकेतूचा उल्लेख नाही. मुद्दाम टाळलेला दिसतो.

लालासाब म्हणाला, दुखवटा आहे, लग्नात वाजंत्री लावायची नाही. म्हणजे आता आवाजही होणार नाही.

९ मे

मध्य अमेरिकेत भूकंपाने एक शहर पडलं. पत्र आज पोचलं. घटना चार तारखेची. चार तारखेलाच इथे पोती उतरली.

१० मे, दुपार

लालासाबने परसात लांब चर खणलाय. कमरेएवढा खोल. शेजारी माती ओढून ठेवलेली. आता शंकेला जागा नाही. हा माणूस पागेत काहीतरी ऐकून आलाय. एकोणीस तारखेला शेपूट लागलं की हा आपल्या माणसांना घेऊन चरात उतरणार, वरून कापड ओढणार, आणि तांदूळ खात बसणार. आम्हाला सांगणार नाही.

संध्याकाळ

जेवणं होऊन सगळी पडली तेव्हा टेप घेऊन गेलो होतो. चरात उतरून लांबी मोजली. खोली मोजताना पाय घसरला आणि बसलो. कुलसुम बाहेर आली. ओरडली वगैरे नाही. म्हणाली, "आण्णा, लागलं काय? थांबा, सरबत आनते." आणलं. मी चरातच बसून प्यालो. म्हणाली, ह्यात लाकडं घालून वर डेगा चढवणार, पुलावाला. 

पटण्यासारखं स्पष्टीकरण लगेच तयार असणं, हे स्वतःच विचार करायला लावतं.

१२ मे

कर्तव्य म्हणून तालमीच्या कट्ट्यावर भाषण दिलं. विषय : एकोणीस मे आणि आपण. वायू, शेपूट, सूर्याचे डाग, पन्हाळ्याचा दगड, सगळं समजावलं. त्या दिवशी उघड्यावर जमू नका, असं बजावलं. पोरं शांतपणे ऐकत होती. शेवटी काही शंका, असं विचारलं. गुंडू पैलवानाने विचारलं, "आण्णा, लग्नाचं जेवान शेपटाच्या आदी का मागनं?"

सगळे हसले. गॅलिलिओलाही हसले असतील.

१३ मे

लालासाबला घरी बोलावून सरळ विचारलं. तुला काय ठाऊक आहे ते सांग. म्हणाला, "आण्णा, मला यवडंच ठावं हाय, पोरगी येत्या बेस्तरवारी जानार." मी सांगितलं, तारीख पुढे ढकल. म्हणाला, "दिल्याली तारीख हाय. तुमचा तारा त्येच्या वाटंनं जाईल, आमी आमच्या."

मग म्हणाला, त्याला भाऊ नाही. वरात आली की दारात त्याच्या बाजूला मी उभं राहावं. पाहुण्यांना मी हाताला धरून आत न्यावं. "तुमीच वाढवल्याली हाय ती," म्हणाला.

मी हो म्हणालो. हो म्हणताना दोनदा खाकरावं लागलं. वायू वाढलाय.

१४ मे

रात्रभर विचार केला. दारात उभं राहणं भावनेच्या दृष्टीने ठीक. पण एका माणसाने दारात उभं राहिल्याने वायू अडत नाही. कुणीतरी उंचावरून आकाश पाहून सगळ्यांना सावध करणं जास्त उपयोगाचं. निर्णय : गगनबावड्याला जायचं. घाटमाथा आहे, हवा वाहती आहे. काही दिसलं तर तिथून तार करता येईल. तिथे तारघर आहे का, याची चौकशी राहिली.

सौ.ला म्हणालो, चल. म्हणाली, "पोरीच्या हातावर म्हेंदी काडायची सोडून मी घाटात यीऊ?" ती भांडली नाही. नुसती आत गेली. मागून सांगितलं, त्या दिवशी घराला कुलूप लाव.

१५ मे, रविवार

जरीना आली. हळदीने हात पिवळे. म्हणाली, "काका, तुमी जानार म्हनत्यात. खरं हाय?"

मी तिला बसवून वायूबद्दल समजावलं. शेपटाची लांबी किती कोटी मैल, तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वडगावला धाडताय आनि सोता गगनबावड्याला." मी म्हणालो, तुम्हा सगळ्यांसाठीच जातोय. ती म्हणाली, "बरं."

तिचे डोळे लाल होते. माझेही पाण्याने भरून आले. कांडप तर चार दिवसांमागेच संपलं. म्हणजे वायू.

१६ मे

पहाटे गाडी जोडून निघालो. लालासाबच्या परसात माणसं मांडवाचे बांबू उभे करत होती. हाक मारली नाही. कामात होते.

१७ मे. गगनबावडा

पोचलो. खात्यात माझ्या हाताखाली साखळी धरणारा ज्ञानू इथलाच, त्याच्याकडे उतरलो. जागा उत्तम, खाली सगळं कोकण दिसतं. ज्ञानूची बायको तानाबाई विचारत होती, एवढ्या उन्हाचं कशाला आलात. ऑब्झर्व्हेशन, म्हणालो. ती म्हणाली, "औशिद हाय व्हय?"

तारघर नाही.

१८ मे

शांत. अस्वस्थ वाटतं. उद्या वरात सकाळी येणार. महंमदची माणसं वडगावहून आज निघाली असतील. हे सहज लिहिलं.

१९ मे, सकाळ

उठून दार उघडलं तर बाहेर जग नाही. पांढरं. झाड नाही, कुंपण नाही, दरी नाही. ओला, थंड, पांढरा वायू दारातून आत येतोय. शेपूट. आत आहोत आपण त्याच्या.

मी ज्ञानूला आणि तानाबाईला हाका मारल्या, घोंगडं पाण्यात बुडवून तोंडावर घेतलं आणि भिंतीला टेकून बसलो. श्वास अडखळत घेत होतो. शांतपणे सगळ्यांची आठवण केली. खरं म्हणजे एकीचीच केली. दारात लालासाब एकटा उभा असेल. त्याने चर खणला ते बरं केलं, पोर त्यात उतरेल, असं वाटून गेलं.

तानाबाई आली. घोंगडं ओढलं. म्हणाली, "कोकनातनं ढग वर चडत्यात, पावनं. ह्या दिसांत रोजचंच धुकं हाय ह्ये. उटा, भाकरी खावा."

उन्हं वर आल्यावर पांढरं निघून गेलं. खाली कोकण जसंच्या तसं. कोंबड्या उकिरड्यावर.

दुपार

शेपूट जाऊन गेलं असावं. परिणाम शून्य. आधीच सावध राहिल्यामुळे.

आता निघालो तरी पोचणार नाही. तरी ज्ञानूला विचारलं, घोडं मिळेल का. नाही म्हणाला.

२१ मे. कोल्हापूर

पोचलो. शेजारचा मांडव उतरवलाय. चर बुजवलाय, वरची माती काळी, राखेची. पुलावासाठीच होता.

सौ. कपडे वाळत घालत होती. कसं झालं, विचारलं. झ्याक झालं, म्हणाली. दारात कोण होतं, विचारलं. "लालासाब हुता. एकलाच."

मग पाठमोरी राहूनच म्हणाली, "गाडीत बसायच्या आदी पोरगी आपल्या दाराला यीऊन गेली. कुलूप बगून माघारी गेली. परत एकदा आली. पुन्यांदा बगून गेली."

कुलूप लावायला मीच सांगितलं होतं. सूचना पाळली गेली.

२२ मे

काही नाही.

२४ मे

लालासाब भेटला. वाटलं होतं, बोलेल. भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्याने विचारलं, "घाटात गार असंल की." हो म्हणालो. तो पागेत गेला. संध्याकाळी कुलसुमने उरलेले लाडू पाठवले.

रागावलेले नाहीत. का नाहीत, कळत नाही. यामागे काय असावं, याचा विचार करत होतो. काही सापडलं नाही.

२७ मे

धूमकेतू आता संध्याकाळी मावळतीला दिसतो. शेपटासकट, स्पष्ट. पेठेतली सगळी माणसं बघतात, पोरंबाळं खांद्यावर घेऊन. लालासाब अंगणात एकटाच उभा होता. त्याच्या बाजूला जाऊन उभं राहावं असं वाटलं. गेलो नाही. उद्या जाईन.

३० मे

सौ. म्हणते, वडगावला जाऊन पोरीला बघून येऊ. मलाही तिथून क्षितिज पाहायचंच होतं, मैदानी मुलूख आहे. जरीनाला आणि तिच्या सासरच्यांना त्या दिवशीचं सगळं शास्त्रीय कारण समजावून सांगायचं ठरवलं. मुद्दे पाठ केले. नीट सांगितलं की पटेल.

५ जून, रविवार. पेठ वडगाव

सकाळीच पोचलो. मोठं घर, सोप्यावर महंमदचे चारदोन पाहुणे बसलेले. मला वर बसवलं. सौ. आत गेली. आतून जरीनाचं हसणं ऐकू आलं, नणंदेशी काहीतरी बोलत होती. आवाज तोच. मला पाहायला लगेच बाहेर आली नाही, चुलीपाशी होती. मी मुद्दे मनात म्हणत बसलो.

तेवढ्यात महंमदने सगळ्यांसमोर विचारलं, "मोजनीदार, लग्नात तुमी काय दिसला न्हाई? लालासाबभाई तर म्हनत हुता, दारात माजा भाऊ उभा असंल."

पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. वायू, शेपूट, घाटमाथा, सगळं तोंडाशी होतं. कुठून सुरू करायचं ते आठवेना.

आतल्या दारात जरीना सरबताचं ताट घेऊन उभी होती. डोक्यावरचा पदर सारखा करत सासऱ्याशी सहज बोलावं तसं बोलली, "काका हुतं की, अब्बा. दारातच हुतं. तुमास्नी हाताला धरून आत मग कुनी न्हेलं?"

महंमदने डोकं खाजवलं. म्हणाला, "आसंल आसंल. गर्दीत काय ध्यान ऱ्हातंय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "राग मानू नगा, मोजनीदार."

मी नाही म्हणालो. सरबत घेतलं. जरीनाने माझ्याकडे पाहिलं नाही, पुढच्या पाहुण्यापुढे ताट धरलं.

निघताना ती गाडीपर्यंत आली. मी म्हणालो, "जरीना, त्या दिवशी मी..." ती म्हणाली, "काका, पुढल्या खेपंला दोन दिस ऱ्हायाला या. मधी दुसरं काम काडू नगासा." आणि काकूच्या हातात पेढ्यांची पुडी देऊन आत गेली.

परतताना दिवस मावळला. गाडीवान आभाळाकडे बोट करून काहीतरी दाखवत होता. सौ. बघत होती. मी बैलांच्या शिंगांकडे बघत बसलो.